गाडीखाली ऑईलचा डाग दिसतोय? गॅरेज गाठण्याआधी एवढं बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरीही बदलता येतं

सकाळी गाडी अंगणातून बाहेर काढली की खाली पंजाएवढा काळा डाग राहिलेला असतो. मातीच्या अंगणात तो लवकर कळत नाही. पेव्हर ब्लॉक बसवले की मात्र रोज डोळ्यांत खुपतो. असा डाग दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. "जुनी गाडी आहे, गळायचीच" म्हणून सोडून देतात, नाहीतर गॅरेजला जाऊन "ऑईल गळतंय, बघा जरा" एवढंच सांगून चावी देऊन येतात. पहिल्या प्रकारात इंजिन जातं, दुसऱ्यात पैसे जातात. कारण नेमकं कुठून गळतंय हे मालकालाच माहीत नसलं, तर मिस्त्री म्हणेल ते पूर्व दिशा.

खरं सांगायचं तर छोट्या पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच गळत्या इंजिनच्या अगदी वरच्या बाजूला, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी सुरू होतात. हे पॅकिंग काही शेकड्यांत मिळतं आणि ज्याला ट्रॅक्टरचे, मोटारीचे नट-बोल्ट खोलायची सवय आहे त्याला ते अर्ध्या दिवसात बदलता येतं. काही गळत्या मात्र घरी हात लावण्यासारख्या नसतात. कोणती आपली आणि कोणती मिस्त्रीची, हे ओळखणं हीच यातली खरी कला.

आपल्या माण, खटाव, फलटण भागात आजही मारुती ८००, ओम्नी आणि जुनी अल्टो भरपूर दिसतात. या गाड्या वर्षानुवर्षं ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर चालल्या. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. म्हणजे गावात फिरणारी सगळ्यात नवी '८००' सुद्धा आता दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. एवढ्या वर्षांत रबर कडक होणारच. म्हणून ही माहिती मुख्यतः याच गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. बाकीच्या पेट्रोल गाड्यांनाही तत्त्व तेच लागू होतं.

थेंब किती महाग पडतो

"थेंबभर तर गळतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी आधी थोडा हिशेब. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३६० थेंब होतात. साधारण २० ते २५ थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे तासाला १५ ते १८ मिली ऑईल गेलं. गाडी रोज चार तास चालत असेल तर दिवसाला ६० ते ७० मिली, आणि पंधरवड्यात जवळपास एक लिटर. या छोट्या इंजिनात मुळात तीन लिटरच्या आसपास ऑईल बसतं. काडीवरची वरची खूण आणि खालची खूण यांच्यातलं अंतर एक लिटरच्या आत-बाहेरच असतं. बघितलं नाही तर पंधरा दिवसांत ऑईल खालच्या खुणेला टेकलं.

त्यात गरम ऑईल पातळ होतं, त्यामुळे उभ्या गाडीखाली जेवढं पडतं त्यापेक्षा चालत्या गाडीत जास्त जातं. वर्धनगडचा घाट भर उन्हात पाच माणसं भरून चढताना जे गळतं ते रस्त्यावर पडतं, तुमच्या अंगणात नाही. म्हणून डागाच्या आकारावरून अंदाज बांधू नका, काडी काढून बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. इंजिन बंद केल्याबरोबर काढलेली काडी खोटं बोलते, कारण बरंचसं ऑईल तेव्हा वरच असतं.

आणखी एक गैरसमज इथंच मोडून काढायला हवा. डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीसारखं दिसणारं लाल चिन्ह ऑईल कमी झालं म्हणून पेटत नाही. ते पेटतं ऑईलचं प्रेशर गेल्यावर. म्हणजे पंपाला खेचायला ऑईलच उरलं नाही, किंवा खेचलेलं बेअरिंगपर्यंत पोचत नाही. तो दिवा चालत्या गाडीत पेटला की "पुढच्या गावापर्यंत नेऊ" हा विचार करायचा नाही. जिथं असाल तिथं कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. त्यानंतर एखादा मिनिट जरी इंजिन फिरलं तरी बेअरिंग धरू शकतं, आणि मग हजारांत होणारं काम अर्ध्या गाडीच्या किमतीला जातं. गावाकडं हीच गाडी रात्री-अपरात्री दवाखान्याला जाते. ती ऐन वेळी रस्त्यात बसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आधी खात्री करा, ते इंजिन ऑईलच आहे का

गाडीखाली पडलेलं सगळं ऑईल नसतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि गाडीचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते कागदावर पेनानं लिहा. सकाळी कागद बघितला की रंग आणि जागा दोन्ही कळतात.

इंजिन ऑईल तपकिरी ते काळं असतं, बोटाला गुळगुळीत लागतं आणि जळकट वास येतो. गिअर ऑईल जास्त घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र, नाकात बसणारा वास असतो. ते गिअरबॉक्स किंवा चाकाकडं जाणाऱ्या एक्सलच्या सीलमधून येतं, त्याचा इंजिनच्या पॅकिंगशी संबंध नाही. हिरवं, लाल किंवा निळसर पाणी असेल तर ते कूलंट. स्वच्छ पाणी असेल आणि गाडीला एसी असेल तर घाबरू नका, ते एसीचं पाणी. पातळ, पिवळसर आणि हाताला तेलकट पण घसरट लागणारं काही चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. तसं असेल तर ती गाडी रस्त्यावर काढूच नका.

ओलं दिसतं तिथं गळत नसतं

ही गोष्ट या सगळ्या लेखात महत्त्वाची. ऑईल वरून खाली येतं आणि गाडी चालत असताना वाऱ्यानं मागे जातं. वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेला ओघळ इंजिनच्या अंगावरून उतरतो, चेंबरच्या कडेला लागतो आणि ड्रेन बोल्टच्या टोकावरून टपकतो. खाली वाकून बघणारा म्हणतो, "चेंबरच गळतोय." मग चेंबर उतरवला जातो, त्याचं पॅकिंग बदललं जातं, बिल होतं, आणि चौथ्या दिवशी डाग पुन्हा तिथंच. असं कितीतरी जणांच्या बाबतीत झालेलं आहे.

म्हणून पहिलं काम इंजिन धुण्याचं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जुना रंगाचा ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्या. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ भडका घेते. बॅटरीची उणे बाजूची वायर आधी काढा. अल्टरनेटर, प्लगच्या वायरी आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशवीनं झाका. रबरी पट्ट्यांवर रॉकेल जाऊ देऊ नका. माती आणि ऑईलचा तो काळा थर, जो आपल्याकडच्या धुळीत बोटभर जाडीचा होतो, तो निघेपर्यंत घासा. मग कापडानं कोरडं पुसा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. वॉशिंग सेंटरला नेऊन थेट इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू नका. पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की गळती राहते बाजूला आणि गाडी सुरू व्हायचीच बंद होते.

इंजिन कोरडं झालं की घरातली अंगाला लावायची पावडर घ्या. हो, तीच. संशय असलेल्या सगळ्या सांध्यांवर ती हलकीशी भुरभुरा, फक्त फिरत्या पट्ट्यांवर नको. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. परत आल्यावर टॉर्च लावून वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरवर जिथं सगळ्यात वर ओली रेघ दिसते, तिथं गळतीचं उगमस्थान. मोबाईलनं फोटो काढून ठेवा. हात पोचत नाही अशा ठिकाणी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून आत धरला तर बरंच दिसतं.

वरून खाली येताना बघायच्या जागा अशा. ऑईल भरायचं झाकण आणि त्याचा रबर. त्याखाली टॅपेट कव्हरची चारी बाजूंची कड. जुन्या गाडीला डिस्ट्रीब्यूटर असेल तर तो हेडला जिथं बसतो तिथला रबरी रिंग. मग ऑईल प्रेशरचा स्विच, हा छोटासा असतो, एक वायर त्याला जाते, आणि तो स्वतःच्या प्लास्टिकमधून गळतो तेव्हा वायरसुद्धा ओली दिसते. मग ऑईल फिल्टर. सगळ्यात खाली चेंबरची कड आणि ड्रेन बोल्ट. इंजिनच्या पुलीच्या बाजूला आणि गिअरबॉक्सच्या बाजूला क्रँकची ऑईल सीलं असतात, त्यांच्याविषयी पुढे बोलू.

झाकणाचा रबर, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि प्रेशर स्विच यांतलं काही निघालं तर ते किरकोळ काम आहे. नवीन फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरचा रबर इंजिनलाच चिकटून राहिलाय का ते बोटानं बघा. एकावर एक दोन रबर बसले तर फिल्टर धो-धो गळतो. नव्या रबराला बोटानं ऑईल लावा आणि फिल्टर हातानंच घट्ट करा, पान्यानं नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर दर ऑईल बदलीला नवा टाका, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. ती वाचवायची म्हणून बोल्ट जोर लावून आवळला की चेंबरचे आटे जातात.

पॅकिंग म्हणजे नेमकं काय

लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग हाताला कितीही गुळगुळीत लागला तरी त्यावर बारीक ओरखडे आणि खड्डे असतातच. दोन पत्रे नुसते एकमेकांवर आवळले तर त्या फटीतून गरम ऑईल वाट काढतं. मधे मऊ वस्तू घातली की ती दाबली जाऊन खड्डे भरते. ती मऊ वस्तू म्हणजे पॅकिंग किंवा गॅस्केट. पूर्वी बुचाच्या लाकडाची आणि कागदी पॅकिंगं यायची, आता टॅपेट कव्हरला बहुतेक रबर येतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक होतं, त्याचा स्प्रिंगसारखा गुण जातो. मग कितीही आवळा, ते दाबलं जात नाही. जुनं पॅकिंग काढून वाकवून बघा, नवं रबर वाकतं, जुनं कडकन तुटतं.

म्हणून "जरा बोल्ट आवळून बघू" हा पहिला उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. बोल्ट सैल झालेला असेल तर ठीक. पण कडक पॅकिंगवर जोर दिला की पातळ पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबतं आणि दोन बोल्टांच्या मधे उचललं जातं. गळती वाढते, आणि आता नवं पॅकिंग टाकलं तरी कव्हर वाकडंच राहतं.

कामाला लागा

दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की गॅस एवढं लिहून न्या. आरसी बुकाचा फोटो मोबाईलमध्ये असला तर उत्तम. "दादा, अल्टोचं टॅपेट पॅकिंग द्या" एवढ्यावर दुकानदार जे हाताला लागेल ते देतो. ८०० सीसीची अल्टो वेगळी आणि के-१० वेगळी. पॅकिंगबरोबर बोल्टखालचे रबरी वॉशरही मागा. निम्मे लोक ते विसरतात आणि मग गळती बोल्टच्या भोकातून सुरू राहते. के-१०, वॅगन-आर, स्विफ्ट यांच्या के-सिरीज इंजिनात प्लग कव्हरच्या मधोमध खोल विहिरीत बसतात, तिथली गोल सीलंही त्याच वेळी बदलायची असतात. ती गळली तर विहिरीत ऑईल साचून गाडी झटके मारते आणि लोक प्लग बदलत बसतात. पॅकिंग शक्यतो कंपनीच्या मूळ पार्टचं घ्या. स्वस्तातलं पाकीट आणि मूळ पार्ट यात फरक थोड्या रुपयांचा असतो, पण स्वस्तातलं वर्षभरात पुन्हा कडक होतं.

हत्यारं फार लागत नाहीत. छोटा रॅचेट आणि बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरची गोटी, पक्कड, स्वच्छ सुती कापड, आणि बाद झालेलं एटीएम कार्ड. कार्ड कशाला ते पुढे कळेल.

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. बॅटरीची उणे वायर काढा. ओम्नी असेल तर इंजिन पुढच्या सीटखाली आहे, सीट उचलून काम करायचं. बाकी गाड्यांत बॉनेट उघडलं की एअर फिल्टरचा डबा किंवा त्याचा पाईप कव्हरच्या वर किंवा शेजारी येतो, तो काढा. खोलण्याआधी आणि प्रत्येक वस्तू काढल्यावर फोटो काढा. प्लगच्या वायरी काढायच्या झाल्या तर एक-दोन-तीन अशी चिकटपट्टी लावा, नाहीतर बसवताना उलटसुलट होतील. वायर ओढायची नाही, टोपी धरून काढायची.

कव्हरला जाणारा रबरी ब्रीदर पाईप निघाला की त्यात बघा. आत काळा चिखल साचून तो बंद झालेला असेल तर तुम्हाला गळतीचं अर्धं कारण तिथंच सापडलं. पिस्टनच्या कडेनं थोडा धूर आणि दाब कायम खाली उतरत असतो, तो बाहेर जाण्याची वाट म्हणजे हा ब्रीदर. वाट बंद झाली की दाब कमकुवत पॅकिंगमधून वाट शोधतो. तेव्हा पाईप आणि त्यावरचा वॉल्व्ह साफ केल्याशिवाय नवं पॅकिंग टाकण्यात अर्थ नाही.

आता कव्हरचे बोल्ट. एकेक पूर्ण काढू नका, सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमच्या कडेला पडलेली एक चीर नवीन पॅकिंगलाही दाद देत नाही. लाकडाच्या ठोकळ्यानं चारी बाजूंनी हलकं ठोका, सुटतं.

कव्हर निघालं की आत कॅमशाफ्ट आणि टॅपेट उघडे पडतात. इथं एक खडा, एक नट, कापडाचा एक धागाही पडता कामा नये. वाऱ्याच्या दिवशी हे काम उघड्यावर करू नका, आणि उघडा भाग स्वच्छ कापडानं झाकून ठेवा. आतला रंग एकदा नीट बघा. सोनेरी-तपकिरी असेल तर इंजिनची निगा चांगली राहिलीय. काळा घट्ट थर असेल तर ऑईल वेळेवर बदललेलं नाही. पांढरट लोण्यासारखा थर दिसला आणि शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी ऑईलमध्ये जातंय आणि हेड गॅस्केट संशयात आहे. मग काम तिथंच थांबवा, गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. नुसत्या झाकणाखाली थोडासा पांढरा थर हिवाळ्यात, गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर, येऊ शकतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

जुनं पॅकिंग काढा. खाचेत चिकटलेले तुकडे त्या एटीएम कार्डानं खरवडा. लोखंडी पाती, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरचा ब्रश अजिबात नको. त्याचा कचरा ऑईलमध्ये मिसळून थेट बेअरिंगमध्ये जातो. कव्हर बाजूला नेऊन रॉकेलनं धुता येईल, पण इंजिनवरची कड मात्र कापडानंच पुसा. शेवटी दोन्ही कडा इतक्या कोरड्या हव्यात की बोट फिरवलं तर तेलकट लागू नये. नव्वद टक्के काम या पुसण्यातच आहे असं म्हटलं तरी चालेल.

नवं पॅकिंग कव्हरच्या खाचेत चारी बाजूंनी सारखं दाबून बसवा. पीळ पडला नाही ना ते बघा. आता प्रश्न सिलिकॉनचा. आपल्याकडे दिसेल त्या सांध्याला ट्यूब पिळायची सवय आहे. रबरी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन लावायचं नसतं, त्यानं रबर घसरतं. फक्त जिथं इंजिनच्या कडेवर दोन भागांचा सांधा येतो किंवा अर्धगोल कोपरा येतो, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पुरे.

कव्हर सरळ वरून ठेवा, सरकवू नका. बोल्ट आधी हातानं लावा. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. लांब दांड्याचा पाना घेऊ नका. हे बोल्ट बारीक असतात, आटे अॅल्युमिनियममध्ये असतात, आणि ते चाकाच्या नटासारखे आवळायचे नसतात. रॅचेट मुठीत न धरता बोटांनी धरून, मनगटाच्या जोरावर जेवढं जाईल तेवढंच. टॉर्क पाना मिळत असेल तर गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला आकडा लावा.

सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, काही तास ते रात्रभर. मग सगळं परत जोडा, काडी बघून ऑईल भरा, इंजिन सुरू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा मिनिटं चालू ठेवून टॉर्चनं कड बघा. जुनं सांडलेलं ऑईल तापून थोडा धूर येईल. तो चालू राहिला तर बघा, कारण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर सतत पडणारं ऑईल पेटही घेऊ शकतं.

इथं थांबा

चेंबरचं पॅकिंग तसं सोपं दिसतं, पण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. त्यावर टेकवलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा, दगड, सिमेंटचे पोकळ ठोकळे हे आधार नव्हेत, ते बसल्या जागी फुटतात. लोखंडी स्टँड नसतील किंवा गावातल्या गॅरेजचा खड्डा वापरायला मिळत नसेल तर हे काम सोडून द्या.

चेंबरला बऱ्याच गाड्यांत तयार पॅकिंग नसतंच, फक्त सिलिकॉन असतं. तिथं जास्त लावण्याचा मोह फार वाईट. बाहेर आलेला गोळा आपल्याला दिसतो आणि आपण बोटानं पुसतो. तेवढाच गोळा आतल्या बाजूलाही आलेला असतो. तो ऑईलमध्ये सुटून पंपाच्या जाळीला चिकटतो. जाळी चोंदली की प्रेशर जातं आणि चांगलं इंजिन जागेवर बसतं. तीन मिलिमीटरची एकसारखी वळी, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, एवढंच लागतं.

पुलीच्या बाजूचं क्रँक सील बदलायला या जुन्या मारुतींमध्ये टायमिंग बेल्ट काढावा लागतो. बेल्ट एक दात चुकला तरी गाडी नीट चालत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूच्या सीलला तर गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. तिथून गळत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीतून थेंब पडतो आणि पुढे क्लच घसरायला लागतो. सील दोन-तीनशेचं असतं, पैसे मजुरीचे जातात. म्हणून गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या. हेड गॅस्केट हा तर घरचा विषयच नाही, त्यात हेड लेथवर नेऊन सपाट करून घ्यावं लागतं.

डिझेल गाडीवाल्यांनी विशेष जपावं. बोलेरो, पिकअप यांच्या नव्या कॉमन रेल इंजिनात टॅपेट कव्हरच्या वरून इंजेक्टरचे लोखंडी पाईप जातात. त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं. त्या पाईपांना घरी पाना लावायचा नाही. त्यातून निघालेली बारीक धार कातडीत घुसते.

आणि एक तपासणी पैसे घालवण्याआधी करा. इंजिन बारीक चालू असताना ऑईलचं झाकण अलगद सैल करून उचला. थोडी फुसफुस सगळ्याच गाड्यांना असते. पण धुराचे लोट आणि झाकण उडेल असा दाब असेल, ब्रीदरही मोकळा असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनाला कितीही नवी पॅकिंगं टाका, काही महिन्यांत पुन्हा ओलं होणार. हे माहीत असलं की गाडी विकत घेतानाही उपयोगी पडतं. बाजारात जुनी गाडी बघायला गेलात आणि इंजिन चकाचक धुतलेलं दिसलं, तर आधी हे झाकण उघडून बघा.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या जुनं रबर थोडं फुगवतात, कधी कधी गळती काही दिवस कमी होते. फुटलेल्या पॅकिंगला त्यांचा उपयोग नाही. गळती कमी व्हावी म्हणून ट्रॅक्टरचं घट्ट ऑईल टाकण्याचा उपायही काही जण सांगतात. सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा फिरतो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच टाका.

निघालेल्या जुन्या ऑईलचं काय करायचं? ते घातक कचऱ्यात मोडतं. ओढ्यात, विहिरीच्या कडेला किंवा उकिरड्यावर ओतू नका. जनावरांना खरूज झाली की जळकं ऑईल लावायची पद्धत अजून काही गावांत आहे. जनावर अंग चाटतं आणि इंजिनच्या झिजेचे धातू पोटात जातात, तेव्हा ते अजिबात लावू नका, पशुवैद्यकाकडून औषध घ्या. ऑईल कॅनमध्ये साठवून ज्या गॅरेजमधून जुन्या ऑईलची गाडी बॅरल उचलते तिथं द्या.

पॅकिंग बदलल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी काडी बघा आणि रात्री पुठ्ठा अंथरा. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना एकदा कव्हरच्या बोल्टांना हात लावून बघा, सैल वाटला तरच किंचित आवळा. पुठ्ठा कोरडा आणि काडी जागच्या जागी असेल तर काम झालं. डाग पुन्हा दिसला तर पावडर पुन्हा भुरभुरा. या वेळी इंजिन स्वच्छच असल्यामुळे दुसरी जागा लगेच कळेल, आणि गॅरेजला गेलात तरी मिस्त्रीला मोबाईलमधला फोटो दाखवून नेमकी जागा सांगता येईल.